भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओल, पोपडे आणि कपाटात बुरशी: मालक दुरुस्ती करेपर्यंत काय करता येईल?

डोंबिवली_वेस्ट

नमस्कार मंडळी. डोंबिवली पश्चिमेला 1990च्या दशकातली तळ अधिक चार मजल्यांची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. पाऊस लागल्यापासून तीन ठिकाणी त्रास आहे.

1. बेडरूमची पश्चिमेची भिंत. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून फरशीपर्यंत ओलीचा पट्टा. रंगाला फुगे येऊन पोपडे पडतात. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पट्टा गडद होतो.

2. हॉलमधली भिंत, जिच्या मागे बाथरूम आहे. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरी भुकटी सुटते. इथे पावसाशी संबंध दिसत नाही, शेजारी म्हणतात मे महिन्यातही असते.

3. बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीला टेकलेलं प्लायचं कपाट. कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर आणि सुती कपड्यांवर हिरवट-पांढरी बुरशी. पण त्या भिंतीचा रंग शाबूत आहे. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र कपाटात ठेवलं तर 86 ते 88 टक्के, खोलीत 80 ते 84.

बाथरूमला फक्त लुव्हरची (आडव्या काचपट्ट्यांची) खिडकी, ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या उभ्या पोकळीत उघडते. एक्झॉस्ट नाही. कपडे बेडरूममध्येच दोरीवर वाळतात. रात्री एसी 22 वर असतो, सकाळी बंद करून खिडकी उघडतो.

मालक म्हणतात, "दिवाळीत आतून वॉटरप्रूफ रंग मारून देतो." तोवर काय करावं? डीह्युमिडिफायर घ्यावा का? बुरशी ब्लीचने पुसली तर चालेल का? खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? बाथरूमच्या लुव्हरमधून झड येते, तिथे प्लॅस्टिक लावायचा विचार आहे.

ओळंबा

तिन्ही जागांचं पाणी वेगवेगळ्या वाटेने येतंय, म्हणून एकच उपाय तिन्हीकडे लावू नका. पहिलं बाहेरून येतंय, दुसरं बहुधा बाथरूममधून, तिसरं हवेतून. हवेतल्या ओलाव्याचं भाडेकरू बरंच काही करू शकतो. भिंतीतून येणाऱ्या पाण्याचं आतून काहीही होत नाही. मालकांचा तो वॉटरप्रूफ रंगसुद्धा त्यातच आला.

पश्चिमेची भिंत आधी घ्या. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून असतो, त्यामुळे ती भिंत चार महिने भिजलेलीच राहते. ओल खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरू होते म्हणजे पहिला संशय खिडकीवर.

खिडकीच्या खालच्या अॅल्युमिनियम ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला 6 ते 8 मिमीची भोकं किंवा खाचा असतात. ट्रॅकमधलं पाणी त्यांतून बाहेर पडायचं असतं. धूळ, मेलेल्या मुंग्या आणि रंगाच्या खपल्या बसून ती बुजतात. मग ट्रॅक भरतो आणि पाणी फ्रेमच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून थेट भिंतीत उतरतं. पाऊस नसताना ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी हळूहळू ओता. अर्ध्या मिनिटात सगळं बाहेर पडलं पाहिजे. तुंबलं तर जुन्या टूथब्रशने आणि तारेने भोकं मोकळी करा. खर्च शून्य, आणि कित्येकदा ओल निम्मी होते.

ट्रॅक ठीक असेल तर फ्रेम आणि भिंतीच्या सांध्यातलं सिलिकॉन बाहेरून बघा. सुटलं असेल तर उघडीप मिळाल्यावर, सांधा दोन दिवस कोरडा राहिला की जुनं खरवडून न्यूट्रल क्युअर प्रकारचं बाह्य वापराचं सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला आणि कडप्प्याला नीट धरत नाही. ओल्या सांध्यात तर कुठलंच धरत नाही. हे काम बाहेर वाकून करू नका, ग्रिलमधून हात पोचत नसेल तर माणूस बोलवा. खिडकीखालच्या दगडी पट्टीचा उतार बाहेरच आहे ना, हेही त्याच वेळी बघा. आत उतार असेल तर सिलिकॉन किती भरलं तरी पाणी आतच येणार.

त्यानंतर पाऊस पडत असताना मोबाइल खिडकीबाहेर धरून वर-खाली फोटो घ्या. या चार गोष्टी शोधा: वरच्या छज्जावर साचलेलं पाणी, छज्जात उगवलेलं पिंपळाचं रोप, बीम आणि भिंतीच्या सांध्यावर आडवी गेलेली चीर, आणि सांध्यातून भिंतीवर पाणी फेकणारा पाइप. एसीच्या पाइपचं भोकही बघा. ते बाहेरच्या बाजूला उतरतं असायला हवं. पुष्कळदा उलटं पाडलेलं असतं आणि पाणी पाइपच्या अंगाने आत येतं.

हॉलच्या भिंतीवरची पांढरी भुकटी म्हणजे क्षार, लोणा. बुरशी नव्हे. खात्री करायची तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. क्षार विरघळतात, बुरशी तशीच राहते. कोरड्या ब्रशने झाडून काढा, तोंडाला मास्क लावून. ओल्या फडक्याने पुसलं तर क्षार पाण्यात विरघळून पुन्हा गिलाव्यात जातात आणि आठवड्याभरात परत वर येतात. बाथरूममधली गळती कुठली ते शोधायला नळकाम जाणणारे कुणी सांगतीलच.

उत्तरेच्या भिंतीची एकदा परीक्षा करा. जेवणाचे डबे झाकायची अॅल्युमिनियम फॉइल, एक फूट चौकोनी, चारी कडा चिकटपट्टीने बंद करून कपाटामागच्या शाबूत रंगावर 48 तास लावा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर पाणी हवेतलं. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर भिंतीतलं. पोपडे सुटलेल्या जागी ही परीक्षा करू नका, पट्टी धरत नाही आणि निकाल खोटा येतो.

दमट_हवा

कपाटाची बुरशी एसी आणि सकाळची खिडकी मिळून वाढवताहेत.

पावसाळ्यात बाहेरची हवा साधारण 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची धरा. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम पाणी असतं. 25 अंशाला हवेत मावणारं कमाल पाणीही तेवढंच, 23 ग्रॅम. म्हणजे ही हवा 25 अंशाच्या किंवा त्याहून थंड वस्तूला लागली की दव पडणार. तुमचं कपाट, कपडे, भिंत रात्रभर 22-23 अंशांवर गार झालेले असतात. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची हवा थेट त्यांच्यावर जाते. मग कपाटाचं दार दिवसभर बंद. पृष्ठभागाजवळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशीला आणखी काही लागत नाही. कापूस, चामडं, प्लायवरची धूळ हे तिचं खाद्य.

म्हणून एसी 26 वर, शक्य असेल तेव्हा ड्राय मोडवर. पंखा हळू लावा, 26 पुरतं. सकाळी एसी बंद केल्यावर लगेच खिडकी उघडू नका. आधी तासभर पंखा लावून खोलीतल्या वस्तू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही आतला फॅन फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं, त्यामुळे फॅन ऑटोवर ठेवा.

खिडकी उघडी की बंद, याचं उत्तर वेळेवर आहे. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात खिडकी उघडून घर बाहेरच्यापेक्षा कोरडं कधीच होणार नाही. फार तर बाहेरच्याइतकं होईल. पण अंघोळ, स्वयंपाक, कपडे वाळवणं चालू असताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त ओली असते, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून ती घालवणं फायद्याचं. ते झालं आणि एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू केला की बंद. छताचा पंखा पाणी कमी करत नाही, फक्त फिरवतो. तरी भिंतीजवळची साचलेली हवा हलते म्हणून उपयोगी.

घरात पाणी किती सोडतो याचा हिशेब बघण्यासारखा आहे. 5 किलो सुती कपडे मशिनने पिळल्यावरही त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ होते, म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोज पाऊण लिटर. झोपलेली दोन माणसं रात्रीत अर्धा-पाऊण लिटर. आणि तुमची बेडरूम साधारण 10 बाय 11 फुटांची धरली तर तिच्या हवेत एकूण पाणी किती? सुमारे 28 घनमीटर गुणिले 23 ग्रॅम, साडेसहाशे ग्रॅम. म्हणजे मशिनचे एका वेळचे कपडे त्या खोलीत वाळवताना तुम्ही खोलीतल्या एकूण बाष्पाच्या तीन ते चार पट पाणी सोडता.

कपडे बेडरूममधून बाहेर काढा, हा पहिला उपाय. बाल्कनी किंवा हॉलची खिडकी, जिथे हवा वाहती असेल तिथे. जागा नसेलच तर एक जादा स्पिन आणि कपडे दोन बोटं अंतर ठेवून, पंख्याखाली.

डीह्युमिडिफायर घ्यायचा तर कॉम्प्रेसरवाला, दिवसाला 10 ते 12 लिटर क्षमतेचा. ही क्षमता बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. 60 टक्क्यांजवळ आल्यावर तेच यंत्र निम्मंच पाणी काढतं. खिडकी उघडी असेल आणि तासाला एकदा खोलीची हवा बदलत असेल, तर बाहेरून दिवसाला साडेचार लिटरच्या आसपास जादा पाणी आत येतं, म्हणून यंत्र चालू असताना दार-खिडकी बंद. ऑनलाइन मिळणारे छोटे, स्वस्त पेल्टियर डबे (कॉम्प्रेसर नसलेले) दिवसाला काहीशे मिलिलिटर काढतात. खोलीसाठी ते पैसे पाण्यात.

250 वॉटचं यंत्र 8 तास चाललं तर दोन युनिट वीज. खोली दोन-तीन अंश गरम होते, त्यामुळे दिवसा, खोली रिकामी असताना चालवा, कपाटाची दारं उघडी ठेवून. लक्ष्य 60 ते 65 टक्के. 45 च्या मागे लागू नका, बिल वाढतं आणि फायदा काही नाही.

रंधा

कपाटाचं बोलतो. मागची पाठ बहुधा 4 किंवा 6 मिमीची प्लाय, तिला मागून लॅमिनेट नसतं. ती भिंतीला चिकटून असेल तर मागे हवा शून्य. कपाट सुटं असेल तर भिंतीपासून 3 ते 4 इंच पुढे घ्या आणि पायाखाली अर्ध्या इंचाच्या रबरी किंवा पीव्हीसी गुटक्या द्या. भिंतीत ठोकलेलं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय भोकं पाडू नका. आतलं सामान पाठीपासून दोन इंच पुढे ठेवा, एवढंच हातात आहे. खच्चून भरलेलं कपाट कधीच वाळत नाही.

बुरशी काढायची पद्धत: आधी सगळं बाहेर. एन-95 मास्क, रबरी हातमोजे. कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झाडायचं नाही, बीजाणू खोलीभर उडतात. पंखा बंद. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात मिळणारं बहुधा 6 टक्क्यांचं असतं, बाटलीवर वाचून समप्रमाणात पाणी घाला. फवारून 10-15 मिनिटं ठेवा, पुसा, आणि दारं उघडी ठेवून पंख्याखाली दोन दिवस वाळवा. रंगीत लॅमिनेटवर किंवा भिंतीवर आधी कोपऱ्यात बघा, रंग उडतो.

ब्लीच टाइल्सवर ठीक, एक भाग ब्लीच दहा भाग पाणी. प्लाय आणि गिलाव्यावर नको. वरचा रंग जातो, पाणी आत मुरतं, मुळं तशीच राहतात. आणि टॉयलेट साफ करायच्या अॅसिडसोबत ब्लीच चुकूनही नाही, क्लोरिन वायू होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा आहे.

कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, कारण जागा बंद आणि छोटी. डब्यात साचणारं पाणी खारं असतं, सांडलं तर बिजागऱ्या गंजतात आणि कपड्यांवर डाग पडतात. डबा ताटलीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. डांबरगोळ्या, कापूर, कोळशाचा तुकडा यांनी वास झाकला जातो, ओलावा जात नाही.

कोलशेत

जुनी युक्ती आहे ना, कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायचा? आमच्याकडे सगळे तेच सांगतात.

रंधा

ती पिवळ्या फिलामेंट बल्बची युक्ती. 15 वॉटचा बल्ब बंद कपाटात दोन-तीन अंश वाढवायचा आणि तेवढ्याने आर्द्रता खाली यायची. एलईडीत ती उष्णताच नाही. फिलामेंटचा बल्ब मिळाला तरी कपड्याला लागला तर आग लागते. नको.

टोटी

हॉलच्या भिंतीचं. मे महिन्यातही असेल तर पावसाचं नाही, बाथरूमचंच. तीन वाटा: फरशी आणि नहाणी ट्रॅपभोवतालचा (जाळीखालच्या, पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याभोवतालचा) सांधा, भिंतीच्या टाइल्सचे सांधे, भिंतीत गाडलेला कन्सील्ड पाइप. एकेक करून वगळा. तिन्ही परीक्षा एकाच वेळी केल्या तर काहीच कळणार नाही.

पहिल्यांदा पाइप. दोन दिवस बाथरूमचा कॉक पूर्ण बंद ठेवा, स्वयंपाकघरातून बादलीने पाणी आणा. मापायला भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. कडा मागे सरली तर पाइपवर संशय. वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवसांत फरक दिसला नाही तर चार दिवस करा.

मग फरशी. नहाणीच्या जाळीखाली प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, फरशीवर एक इंच पाणी भरा, पाण्याच्या पातळीवर खूण करा, 24 तास ठेवा. उंबरा एक इंचापेक्षा कमी असेल तर तेवढंच भरा. पाण्यात खायचा लाल रंग घातला तर रंग भिंतीतून किंवा खालच्या मजल्यावर दिसतो का ते कळतं. पण टाइल्सच्या सांध्यातल्या पांढऱ्या ग्राउटवर डाग राहतो, डिपॉझिटचा विचार करून घाला.

शेवटी टाइल्स. फरशी दोन दिवस वाळू द्या आणि शॉवरचं पाणी फक्त त्या भिंतीवर, गुडघा ते खांद्याच्या उंचीवर, 20 मिनिटं सोडा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करताना थर भिंतीवर एक फुटापर्यंत चढवायची रीत आहे. शॉवर त्याच्या बराच वर भिजवतो, आणि तिथे अडवायला फक्त टाइलचा सांधा असतो. व्हाइट सिमेंटचा सांधा पाच-सात वर्षांत झिजतो.

टाइल्सच निघाल्या तर काम छोटं आहे. सांधे 2-3 मिमी खोल खरवडायचे, बाथरूम 24 तास कोरडं, इपॉक्सी ग्राउट भरायचं, भिंत आणि फरशीच्या कोनात बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन, आणि पुन्हा 24 तास वापर बंद. मालकाला हे पटवणं सोपं जातं, तोडफोड नाही. तोवर शॉवर बंद, बादलीने अंघोळ, आणि अंघोळीनंतर त्या भिंतीवरून रबरी वायपर.

एक्झॉस्टचं: 6 इंची पुरतो. लुव्हरच्या दोन-तीन काचा काढून त्या जागी अॅक्रिलिक किंवा प्लायचा तुकडा बसवून त्यात फॅन बसतो, भिंत फोडावी लागत नाही. घर सोडताना काचा परत घालायच्या, त्या जपून ठेवा. बाहेर आपोआप बंद होणाऱ्या पट्ट्यांचं झाकण हवंच, नाहीतर फॅन बंद असताना डक्टमधली हवा, वास आणि झुरळं आत. अंघोळ सुरू केल्यापासून संपल्यावर 20 मिनिटांपर्यंत चालवा. आणि आत हवा यायला वाट ठेवा. दाराखाली 15-20 मिमीची फट किंवा दारात जाळी नसेल तर फॅन नुसता घुमतो. त्यात ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असेल तर तो गटाराची हवा ओढतो. वास येतो म्हणून लोक फॅनला दोष देतात.

आता महत्त्वाचं: बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? असेल तर लुव्हरला प्लॅस्टिक लावायचं डोक्यातून काढा. बंद जागेत गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. एक्झॉस्ट लावून तो सुरक्षित होत नाही. गॅस गीझरची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

डोंबिवली_वेस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. गीझर इलेक्ट्रिक आहे. प्लॅस्टिक तरीही लावत नाही.

ट्रॅकमध्ये पाणी ओतलं, तुंबलं. भोकं साफ केल्यावर बाहेर पडू लागलं. फोटोत छज्जाच्या वर, बीमच्या खाली आडवी चीर दिसते, आणि छज्जावर पिंपळाचं रोप आहे. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव, भिंतीकडची बाजू कोरडी.

आता दोन प्रश्न. आतून वॉटरप्रूफ रंग नको तर मालकांना नेमकं काय करायला सांगू? आणि खर्च कोणाचा, मालक सोसायटीवर ढकलताहेत. स्वयंपाकघरात डक्ट (हवा बाहेर नेणारा पाइप) नसलेली चिमणी आहे, तिचा ओलाव्याला काही उपयोग?

दमट_हवा

डक्ट नसलेली चिमणी तेल आणि थोडा वास पकडते. वाफ तशीच परत खोलीत. शेगडी चालू असताना खिडकी उघडा, भात-डाळ झाकण ठेवून शिजवा.

ओळंबा

म्हणजे हवेचं आणि बाहेरच्या पाण्याचं वेगळं झालं. बाहेरचं काम असं सांगा.

आतून रंग का नको: पाणी बाहेरून भिंतीत शिरतं आणि आतल्या बाजूने सुकायचा प्रयत्न करतं. आतून न श्वास घेणारा थर दिला की पाणी त्याच्या मागे अडतं, क्षार तिथेच जमतात आणि रंग गिलाव्यासकट सुटतो. पहिल्या पावसापर्यंत भिंत छान दिसते, म्हणून तर हा उपाय खपतो. आतून जिप्सम किंवा पीओपीचा थर असेल तर आणखी वाईट, ओलीने तो मऊ पडतो. पीव्हीसी पॅनेल किंवा वॉलपेपर लावून झाकणं म्हणजे बुरशीला अंधारी खोली बांधून देणं.

आत्ता पावसात: छज्जाच्या वरच्या चिरेवरून खाली येईल असं जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री, वरच्या कडेला पट्टी मारून. सोसायटी हे दोन दिवसांत करू शकते. पिंपळ आत्ता उपटू नका. वरचं तुटतं, मूळ चिरेत राहतं आणि पुन्हा फुटतं. कापून ठेवा, मूळ दुरुस्तीच्या वेळी चीर उघडून काढायचं.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळायला लागली की: हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारा गिलावा काढायचा. चीर 10 मिमी रुंद-खोल व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरायची. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत उन्हात वेगवेगळी प्रसरण पावतात, म्हणून नुसतं सिमेंट भरलं तर चीर वर्षभरात परत येते. सांध्यावर दोन्हीकडे किमान सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडी-जाळी मारून मग दोन थरांत गिलावा, एकूण 20 ते 25 मिमी. सात दिवस पाणी मारणं. ते कोणी मारत नाही, आणि मग नव्या गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. छज्जाला बाहेर उतार आणि खालच्या कडेला पागोळी तुटेल अशी खाच. गिलावा महिनाभर वाळला की बाहेरून चिरा झाकणारा इलास्टोमेरिक रंग, दोन हात.

आतलं काम सगळ्यात शेवटी. ओलीच्या कडेपासून एक फूट पुढेपर्यंत आतला गिलावा काढून भिंत उघडी ठेवायची. जाड भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून दिवाळीत आतून रंग ही घाईच. फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेला रंग टिकेल.

मुद्रांक

खर्चाचं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, सदनिकेतल्या बाथरूम-शौचालयातून होणारी गळती त्या सदस्याच्या खर्चाने. म्हणजे पश्चिमेची भिंत आणि छज्जा सोसायटीकडे, हॉलची भिंत मालकाकडे. पण तुम्ही सदस्य नाही, त्यामुळे तुमच्या अर्जाकडे कमिटी दुर्लक्ष करू शकते. मालकाच्या सहीनेच अर्ज द्या, फोटो जोडून, पोच घेऊन. मालक बाहेरगावी असतील तर त्यांच्या ईमेलवरून.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 नुसार उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं घरमालकाची जबाबदारी आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूला ती स्वतः करून भाड्यातून वळती करता येते, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. इथे लोक घसरतात: हे भाडेकरूसाठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा लायसन्सी असतो, त्याचे हक्क मुख्यतः करारात लिहिलेले. त्यामुळे कलम 14 वाचून परस्पर भाडं कापू नका. मालक तेच थकबाकी म्हणून दाखवतील.

नूतनीकरणाच्या वेळी कराराच्या मसुद्यात हे घाला: "बाह्य भिंत, गच्ची, सामाईक अथवा अंतर्गत पाइप यांमुळे येणारी ओल व गळती ही लायसन्सीने केलेली हानी समजली जाणार नाही. लेखी कळवल्यापासून 15 दिवसांत मालक दुरुस्ती सुरू करेल, अन्यथा लायसन्सीस एक महिन्याच्या सूचनेने, लॉक-इन कालावधीतही, पूर्ण अनामत रकमेसह जागा सोडता येईल." लॉक-इनचा (ज्या काळात करार मोडता येत नाही त्याचा) उल्लेख विसरू नका, नाहीतर बाकीच्या ओळीला अर्थ राहत नाही. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची.

यंत्रातले आकडे, पेन्सिलच्या रेघा, तारखेसकट फोटो मालकांना आत्ताच व्हॉट्सअॅप आणि ईमेल दोन्हीवर पाठवा. निघताना "रंग तुमच्यामुळे खराब झाला" म्हणून डिपॉझिट कापायला लागले तर याच गोष्टी कामी येतात.

डोंबिवली_वेस्ट

मसुदा जपून ठेवला. रविवारपासून बाथरूमची पाइपची परीक्षा सुरू करतो, मग फरशीची.

टोटी

फरशीवर पाणी भरायच्या आधी खालच्या मजल्यावर सांगून या आणि त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो घेऊन ठेवा. तिथे आधीपासून डाग असेल तर तो तुमच्या परीक्षेवर ढकलला जाईल. रात्री मध्ये एकदा उठून पातळी बघा, अर्धा इंच उतरली असेल तर 24 तास थांबू नका, फडकं काढून पाणी सोडून द्या.